जुन्या स्कूटरचे इंजिन घरच्या घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांची किंवा आजोबांची स्कूटर ज्यांच्या घरी अजून उभी आहे, अशा मंडळींचे प्रश्न नाशिक शहरातून आणि येवला, सटाणा, इगतपुरी या तालुक्यांतून मला सतत येत असतात. त्यांतील पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. शब्द गॅरेजमध्ये चालतात तेच ठेवले आहेत: क्रँककेसला चेंबर, सिलिंडरला ब्लॉक, फ्लायव्हीलला मॅग्नेट आणि गॅस्केटला पॅकिंग. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही माहिती नेमक्या कोणत्या स्कूटरांना लागू पडते?

प्रामुख्याने व्हेस्पाच्या घराण्यातील टू-स्ट्रोक स्कूटरांना. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्याखाली तयार झालेली बजाज १५०, तो करार १९७१ मध्ये संपल्यानंतर १९७२ मध्ये आलेली चेतक, बजाज सुपर, आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सने तयार केलेली प्रिया या सर्वांच्या इंजिनाची मूळ रचना एकच आहे: आडवा ओतीव लोखंडी ब्लॉक, दोन अर्ध्यांचे ॲल्युमिनियमचे चेंबर, आणि क्रँकवरून क्लचमार्फत थेट गिअरपर्यंत जाणारी, साखळी नसलेली गती. टू-स्ट्रोक चेतकचा बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) ५७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५७ मिलिमीटर आणि क्षमता १४५.४५ सीसी. लँब्रेटा आणि विजय सुपर यांची जात वेगळी आहे. त्यांच्यासाठी प्रश्न १५ पाहावा. नंतरच्या फोर-स्ट्रोक चेतकला यातील फारच थोडे लागू पडते.

२. इंजिन खरोखर खोलावे लागेल, हे कसे ओळखायचे? मेकॅनिक तर लगेच "फुल इंजिन करा" म्हणतात.

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण मुळात चांगले असलेले इंजिन विनाकारण खोलून त्यात बाजारातले हलके सुटे भाग घातल्याने बिघडलेल्या स्कूटरी मी अनेक पाहिल्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वीचे मूळ गिअर आणि मूळ चेंबर यांच्या धातूची बरोबरी करणारा भाग आज सहज मिळत नाही. म्हणून खोलण्याआधी तपासणी पूर्ण करावी.

ताकद कमी झाली असेल, तर पहिला संशय सायलेन्सरवर घ्यावा. टू-स्ट्रोक इंजिनात तेल जळत असल्यामुळे सायलेन्सर आणि ब्लॉकचे एक्झॉस्टचे तोंड कार्बनने चोंदते, आणि मग चढावर गाडी मान टाकते. सायलेन्सर सोडवून कार्बन काढल्यावर निम्म्या तक्रारी तेथेच संपतात. त्यानंतर कार्ब्युरेटर, प्लग आणि पॉइंट (उघडताच प्लगला ठिणगी देणारे संपर्क) पाहावेत.

इंजिन खोलण्याची खरी कारणे वेगळी आहेत. किक मारताना कॉम्प्रेशन लागतच नाही. पिस्टनचा खडखडाट गरम झाल्यावरही जात नाही. मॅग्नेट हाताने धरून वरखाली हलवल्यास क्रँक हलल्याचे स्पष्ट जाणवते. गिअरचे तेल बाहेर कुठेही न गळता कमी होत जाते आणि धूर पांढरा येतो. किंवा उलट गिअरच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो. शेवटच्या दोन्ही खुणा क्लचच्या बाजूचे ऑइल सील गेल्याच्या आहेत (प्रश्न ९). गिअर निसटत असेल, तर आधी प्रश्न ११ वाचावा, कारण अनेकदा दोष केबलचा असतो.

३. घरी कोणती हत्यारे लागतील?

साधे पाने, रिंग पाने आणि सॉकेट तर लागतातच. पण तीन खास हत्यारांशिवाय काम सुरूच करू नये. मॅग्नेट ओढणारा पुलर, क्लच दाबून धरणारे हत्यार, आणि क्लचच्या खाचांच्या नटाचा खास पाना. या तिघांच्या जागी छिन्नी आणि हातोडी वापरल्याने जेवढे क्रँक आणि क्लच खराब झाले आहेत, तेवढे ते चालून झिजलेले नाहीत. मोजमापासाठी फीलर गेज, मायक्रोमीटर आणि बोअर गेज हवा. बोअर गेज विकत घेणे परवडणारे नसेल, तर ब्लॉक मोजून घेण्यासाठी सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मशीन शॉपमध्ये जावे. नाशिककरांची ही मोठीच सोय आहे, कारण शतांश मिलिमीटरचे माप रोजच्या रोज घेणारी माणसे आपल्याकडे हाकेच्या अंतरावर आहेत.

जागा फार लागत नाही. मात्र ती बंदिस्त, स्वच्छ आणि धूळ न उडणारी असावी, आणि पेट्रोलचे काम तेथे करू नये.

४. किती दिवस लागतात?

प्रत्यक्ष हातकाम चार-पाच दिवसांचे आहे. बोअरिंग, क्रँकचे काम आणि सुटे भाग मिळवणे यांत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, म्हणून पुढच्या आठवड्यात लग्नाला किंवा यात्रेला हीच गाडी न्यायची असेल, तर इंजिन खोलू नये.

५. इंजिन उतरवताना आणि खोलताना क्रम कसा ठेवावा?

आधी खालून आणि बाजूंनी इंजिन डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे; पूर्वी यासाठी सर्रास वापरले जाणारे रॉकेल आता सहज मिळत नाही. मागच्या ड्रमचा मुख्य नट इंजिन गाडीत असतानाच, चाक जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला ठेवून ढिला करावा. इंजिन टेबलावर आल्यावर तो नट सोडवणे फार अवघड जाते. नंतर गिअरचे तेल काढावे, आणि ते स्वच्छ भांड्यात काढून बोटांत चोळून पाहावे: त्यात चकाकणारी धातूची पूड असेल, तर गिअर आणि बेअरिंगकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे लागेल.

क्लच, मागचा ब्रेक, दोन्ही गिअर केबल, ॲक्सिलरेटर, चोक, पेट्रोलची नळी आणि वायरी सोडवल्यावर इंजिन केवळ पुढचा आडवा बोल्ट आणि मागचा शॉक ॲब्सॉर्बर यांवर उरते. प्रत्येक केबलला चिकटपट्टीवर नाव लिहून लावावे. खोलण्याचा क्रम सायलेन्सर, कार्ब्युरेटर, हेड, ब्लॉक, पिस्टन, मॅग्नेट, कॉइल प्लेट, क्लच, गिअर सिलेक्टर आणि शेवटी चेंबरचे बोल्ट असा ठेवावा. कॉइल प्लेट काढण्यापूर्वी ती चेंबरवर ज्या जागी बसली आहे, तेथे दोहोंवर मिळून एक बारीक रेघ ओढावी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, जुळवताना (प्रश्न १३) ती उपयोगी पडते. पिस्टनचे लॉक काढताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ सुती कापड कोंबावे, कारण आत पडलेले लॉक शोधण्यासाठी सगळे चेंबर खोलावे लागते.

आणखी एक सूचना सुट्या सुई-रोलरांबद्दल. क्लचच्या बाजूच्या गिअर-संचाखाली ते ग्रीसमध्ये बसवलेले असतात आणि शाफ्ट निघताच विखुरतात. ते तेथेच मोजून संख्या वहीत लिहावी. बसवताना एक जरी कमी झाला, तरी तो कुठे आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

६. सगळे बोल्ट काढले, तरी चेंबरचे दोन अर्धे वेगळे होत नाहीत. मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालू का?

अजिबात घालू नये. दोन अर्ध्यांची समोरासमोरची कड हीच या इंजिनाची सीलबंद जागा आहे. तिच्यावर पडलेला एक ओरखडा पुढे कायम हवा ओढत राहतो. प्रथम सगळे बोल्ट पुन्हा मोजावेत, कारण एखादा चिखलाखाली लपलेला असतो. मग बेअरिंगच्या जागेभोवती हॉट एअर गनने चेंबर गरम करावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे बेअरिंगची पकड सैल होते आणि लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी अर्धे सुटतात. क्रँकच्या टोकावर लोखंडी हातोडी कधीही मारू नये. दाबाने जोडलेल्या क्रँकच्या दोन पात्यांची समरेषा एका फटक्याने बिघडते.

वेगळे झालेले चेंबर धुताना कॉस्टिक सोडा वापरू नये. तो लोखंडाला विशेष अपाय करत नाही, पण ॲल्युमिनियम खातो. काळे पडलेले चेंबर चकचकीत करण्याच्या नादात कडा गमावलेली चेंबरे माझ्याकडे आली आहेत. सँड ब्लास्टिंगही टाळावे, कारण वाळूचे कण तेलाच्या वाटांत अडकून बसतात आणि नव्या बेअरिंगमध्ये जातात.

७. बोअर करावा लागेल, की फक्त रिंगा बदलून चालेल?

बोअर करणे म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कापून मोठा करणे आणि त्यात मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन घालणे. ते करावे का, याचे उत्तर माप देते, अंदाज नव्हे. ब्लॉकचे माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येक पातळीवर एकमेकींशी काटकोनात दोनदा, म्हणजे एकूण सहा वेळा घ्यावे. पोर्टच्या, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतून मिश्रण आणि धूर जाण्याच्या, खिडक्या टाळाव्यात. झीज सर्वाधिक असते ती वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते त्या पट्ट्यात. सहा मापांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान यांत एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास फरक आला, किंवा नखाला लागेल असा ओरखडा दिसला, तर मी बोअर करून घेतो. फरक किरकोळ असेल, पिस्टनच्या खाचा शाबूत असतील, आणि नव्या रिंगेच्या टोकांमधील फट ब्लॉकमध्ये ०.२० ते ०.३५ मिलिमीटरच्या दरम्यान येत असेल, तर नुसत्या रिंगांवर काम भागते, आणि एक ओव्हरसाइज पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहतो.

ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. गॅरेजमध्ये त्यांनाच दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात. पिस्टन आधी हातात घ्यावा आणि तो मोजूनच त्याला जुळेल असा बोअर करवावा. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध हा क्रम चुकीचा आहे.

पिस्टन आणि ब्लॉक यांच्यात मोकळीक का लागते, हे एकदा आकड्यांत पाहावे. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. ५७ मिलिमीटरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा तुकडा १५० अंशांनी तापला, तर सुमारे ०.२० मिलिमीटरने वाढतो. तेवढ्याच तापमानाने ओतीव लोखंडाचा ब्लॉक सुमारे ०.०९ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे थंड असताना ठेवलेल्या मोकळिकीतील सुमारे एक दशांश मिलिमीटर नुसत्या उष्णतेने खाऊन टाकला जातो, आणि प्रत्यक्षात पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापतो. पिस्टनच्या धातूत सिलिकॉन मिसळून हे प्रसरण कमी केलेले असते. ते किती, हे बनावटीवर ठरते, म्हणून पिस्टनच्या डब्यावर किंवा माथ्यावर दिलेली मोकळीक बोअरिंगवाल्याला लेखी द्यावी. मोटारसायकलीच्या सवयीने घट्ट बोअर करून दिलेला ब्लॉक पहिल्याच चढाला सीझ होतो, म्हणजे पिस्टन आत अडकून बसतो.

बोअर झाल्यावर पोर्टच्या धारा बारीक पॉलिश कागदाने किंचित मोडून घ्याव्यात, नाहीतर नवी रिंग तेथे अडकते. ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पांढऱ्या कपड्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत पुसावा आणि लगेच तेल लावावे. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे राहिला पाहिजे, आणि रिंगांची टोके खाचेतल्या पिनांवर नेमकी बसली पाहिजेत.

८. क्रँक घरी दुरुस्त करता येतो का?

तपासता येतो, दुरुस्त करता येत नाही. कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहावा: उभ्या दिशेने जराही ठोका जाणवला, तर मोठ्या टोकाचे बेअरिंग गेले आहे. बाजूला थोडे हलणे मात्र स्वाभाविक आहे. रॉड किट बदलण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस आणि नंतर डायल गेजवर क्रँकची समरेषा साधणारा हात लागतो. मूळ क्रँकमध्ये चांगले रॉड किट बसवून घेणे मला नव्या स्वस्त क्रँकपेक्षा नेहमीच श्रेयस्कर वाटते.

ज्या इंजिनांत क्रँकचे पातेच हवेची वाट उघडते-मिटते, तेथे त्या पात्याचा घेर आणि चेंबरमधील त्याची घडीव जागा यांत केवळ काही शतांश मिलिमीटरचे अंतर असते. त्या जागेवर खोल चरा असेल, तर हवा-पेट्रोलचे मिश्रण मागे कार्ब्युरेटरकडे फेकले जाते आणि गाडी मंद गतीवर स्थिर राहत नाही. दोन्ही पृष्ठभागांवर बोट फिरवून हे आत्ताच तपासावे.

९. ऑइल सील एवढेसे, पण सगळे त्यावरच का अडून बसतात?

टू-स्ट्रोक इंजिनात चेंबर ही केवळ पेटी नसून पंप असते. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये पोकळी तयार होऊन मिश्रण ओढले जाते, आणि खाली येताना तेच मिश्रण दाबून ब्लॉकमध्ये ढकलले जाते. क्रँकच्या दोन टोकांवरची दोन सील या पंपाची दारे बंद ठेवतात.

मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, तर बाहेरची कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेस होत राहते, आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. क्लचच्या बाजूचे सील गेल्याच्या खुणा प्रश्न २ मध्ये आल्या आहेत. मॅग्नेटच्या बाजूचे सील बहुतेक चेंबरांत मॅग्नेट आणि कॉइल प्लेट काढून बाहेरून बदलता येते. क्लचच्या बाजूच्या सीलसाठी चेंबर खोलावेच लागते. म्हणून चेंबर कोणत्याही कारणाने उघडले, तरी दोन्ही सील नवीन घालावीत.

सीलच्या ओठावर तेल किंवा ग्रीस लावूनच क्रँक आत सरकवावा. मी एकदा घाईत क्रँक कोरडा सरकवला. ओठामागची बारीक स्प्रिंग निसटली, ते मला कळले नाही, आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येईपर्यंत गिअरचे तेल धुरावाटे संपले. संपूर्ण इंजिन पुन्हा खोलावे लागले.

तेव्हापासून मी प्रत्येक इंजिनाची हवाबंद चाचणी गाडीत बसवण्यापूर्वी करतो, आणि तीच सर्वांना आग्रहाने सांगतो. ब्लॉक आणि हेड बसवल्यावर एक्झॉस्टचे तोंड आणि कार्ब्युरेटरची बैठक जाड रबर आणि पट्टी लावून बंद करावी, पिस्टन सर्वांत खाली आणावा, आणि जुन्या प्लगच्या पोकळ केलेल्या शरीराला नळी जोडून प्लगच्या जागी बसवावी. नळीच्या दुसऱ्या टोकाला रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ लावून २५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत हवा भरावी. हा दाब सुमारे पाच पीएसआय होतो. यापेक्षा फार जास्त दाब दिल्यास सीलच बाहेर सरकते. काटा पाच मिनिटे जवळपास तेथेच राहिला पाहिजे. उतरत असेल, तर साबणाचा फेस लावून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. गिअरचे तेल भरण्याच्या भोकातून हवा येत असेल, तर दोष क्लचच्या बाजूच्या सीलचा आहे.

१०. बेअरिंग ठोकून बसवावे की तापवून?

तापवून. चेंबरचा अर्धा सुमारे १०० अंशांपर्यंत तापवावा. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरत उडून गेला पाहिजे. बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. एवढे केले की ते बहुधा हाताच्या दाबाने बसते. क्रँकसाठी सी-३ मोकळिकीचे, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडे सैल असलेले, बेअरिंग घ्यावे, आणि नंबर दुकानदाराच्या आठवणीवर न सोडता जुन्या बेअरिंगवर कोरलेला पाहून घ्यावा. ऑइल सील नेहमी चेंबर निवल्यानंतरच बसवावे.

११. दुसरा किंवा तिसरा गिअर निसटतो. सगळे गिअर बदलू का?

सर्वप्रथम गिअरच्या दोन्ही केबलींचा ताण तपासावा, कारण ढिल्या केबलीमुळे गिअर अर्धवट लागतो. केबल ठीक असेल, तर दोषी बहुधा क्रॉस असतो, म्हणजे शाफ्टच्या आत सरकणारा आणि हव्या त्या गिअरला आतून पकडणारा चार हातांचा तुकडा. त्याच्या हातांच्या धारा गोलसर झाल्या की भार पडताच तो निसटतो. क्रॉस स्वस्त आहे, म्हणून चेंबर उघडल्यावर तो नवा घालावा. गिअर मात्र आतील खाचांच्या कडा धारदार असतील, तर तेच ठेवावेत. बसवल्यावर गिअरांच्या थराची आडवी मोकळीक फीलर गेजने ०.१५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान आहे ना, हे पाहावे. जास्त असल्यास जाड वॉशर घालावा. हे माप न घेतल्यामुळे नवा क्रॉस घालूनही गिअर निसटल्याची तक्रार पुन्हा येते.

१२. क्लचसाठी आणि गिअरसाठी कोणते तेल?

एसएई ३०, सुमारे २५० मिलिलिटर. क्लचच्या कॉर्कच्या प्लेटी याच तेलात चालतात, म्हणून त्या बसवण्यापूर्वी रात्रभर त्यात भिजत ठेवाव्यात. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे महाग तेल घातल्यास क्लच घसरतो.

१३. पॉइंट आणि टायमिंग घरी कसे जुळवावे?

आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. हा क्रम उलटू नये, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवावी, आणि प्लगची फट ०.६ मिलिमीटर. त्यानंतर पॉइंटच्या मध्ये पतंगाचा पातळ कागद धरून मॅग्नेट सावकाश फिरवावा. कागद ज्या क्षणी सैल सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. तेव्हा मॅग्नेटवरची खूण चेंबरवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. न जुळल्यास कॉइल प्लेट थोडी फिरवावी. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली रेघ येथे आरंभबिंदू म्हणून धरावी, पण आधीच्या माणसाने टायमिंग बरोबरच ठेवले असेल असे गृहीत धरू नये.

मॅग्नेट बसवताना शाफ्टचा आणि मॅग्नेटचा निमुळता भाग तेलविरहित, कोरडा करावा. मॅग्नेटला धरून ठेवतो तो हा निमुळता भाग. अर्धचंद्राकृती चावी फक्त जागा दाखवते. तेथे मळ राहिला की चावी कापली जाते, टायमिंग सरकते आणि किक उलटी पायावर येते.

१४. आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर जुने इंजिन चालेल का? तेल किती मिसळावे?

चालते, पण काळजी घ्यावी लागते. शिसेविरहित पेट्रोलची भीती मात्र टू-स्ट्रोकला लागू नाही: १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा चिंता फोर-स्ट्रोकच्या व्हॉल्व्हच्या बैठकींची होती, आणि आपल्या इंजिनात ते व्हॉल्व्हच नाहीत.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे त्रास तीन आहेत. ते जुन्या रबराला फुगवते, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकची वॉशर आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची घ्यावीत. ते हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. आणि इथेनॉलमध्येच प्राणवायू असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते. प्लग काढून पाहावा: तो विटकरी-तपकिरी असावा; पांढरट दिसल्यास मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या भोकाचा तुकडा) एक पायरी मोठा घ्यावा.

तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे चांगले टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचे, घ्यावे. बोटीच्या इंजिनाचे घेऊ नये. नवीन बांधलेल्या इंजिनाला पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिलिलिटर, आणि त्यानंतर चेतकच्या वर्गातील इंजिनांना लिटरला २० मिलिलिटर. मिश्रण वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत ओतावे.

१५. माझी लँब्रेटा किंवा विजय सुपर आहे. काय वेगळे आहे?

मुंबईच्या एपीआयने (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) तयार केलेली लँब्रेटा आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर यांत चेंबर मधोमध उघडत नाही. ते एकसंध असते. एका बाजूला साखळीचे झाकण आणि दुसऱ्या बाजूला मॅग्नेटकडील बेअरिंग व सीलची वेगळी फ्लँज असते. म्हणून प्रश्न ६ त्यांना लागू नाही. १५० च्या इंजिनाचा बोअर ५७ आणि स्ट्रोक ५८ मिलिमीटर, म्हणजे १४८ सीसी. क्रँकपासून क्लचपर्यंत दुहेरी साखळी असते. तिचा ताण आणि ती घासत जाणारी पट्टी तपासावी. गिअरचे तेल एसएई ९०, सुमारे ७०० मिलिलिटर, आणि पेट्रोलमध्ये तेल नेहमीच लिटरला ४० मिलिलिटर. प्रश्न ७, ९, १० आणि १४ मधील बाकीचे सगळे तसेच लागू पडते.

१६. गाडी वीस वर्षे उभी होती, किक हलतच नाही. जोर लावू का?

जोर लावल्यास किकच्या गिअरचे दात तुटतात. प्लग काढून भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल समभाग ओतावे आणि आठवडाभर थांबावे. मग मॅग्नेटच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना अगदी थोडे-थोडे हलवावे. तरीही न हलल्यास हेड काढून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोकावे. इंजिन मोकळे झाले म्हणून लगेच सुरू करू नये. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या क्रँकच्या बेअरिंगांवर गंजाचे खड्डे पडलेलेच असतात. अशी इंजिने खोलावीच लागतात.

१७. नव्या इंजिनाचे रनिंग-इन (सुरुवातीचे हळूहळू रुळवणे) नाशिकच्या रस्त्यांवर कसे करावे?

पहिल्या दिवशी इंजिन सुरू करून हात लावता येणार नाही इतके तापले की बंद करावे, पूर्ण निवू द्यावे, आणि हे तीनदा करावे. नंतर थंड इंजिनावर हेडचे नट १.३ ते १.८ किलोग्रॅम-मीटरच्या टॉर्कवर, समोरासमोरचे असे आळीपाळीने, पुन्हा तपासावेत.

पहिले ५०० किलोमीटर ताशी ४० च्या आत, पण एकाच वेगाने नव्हे. ॲक्सिलरेटर सतत थोडा कमी-जास्त करावा. गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन येणे सुरुवातीला पुरेसे आहे. त्यानंतर सुमारे २८ किलोमीटरवरचे त्र्यंबकेश्वर, मध्ये एकदा थांबून. कसारा घाट पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत टाळावा, आणि चढापेक्षा उताराची धास्ती जास्त बाळगावी. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर येते. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली, तर इंजिन वेगाने फिरत असते आणि तेल जवळपास मिळतच नाही. दर थोड्या अंतराने क्लच दाबून ॲक्सिलरेटर द्यावा.

१८. इंजिन बांधले, सुरूही झाले, पण काहीतरी बिनसले आहे. कोठून पाहू?

इंजिन आपोआप रेस होत असेल, तर तत्काळ बंद करावे आणि प्रश्न ९ मधील चाचणी करावी. कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी खेळून तो दोष झाकू नये. किक उलटी येत असेल, तर प्रश्न १३ मधील चावी. पांढरा धूर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गेला, तर तो जुन्या सायलेन्सरमधील तेलाचा होता. गेला नाही आणि गिअरचे तेल उतरले, तर क्लचच्या बाजूचे सील. गरम झाल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, या तक्रारीत कंडेन्सर आणि इग्निशन कॉइल आधी तपासावेत. अनेकजण अशा वेळी पिस्टनवर संशय घेऊन नवे इंजिन पुन्हा खोलतात.

१९. चेंबरच्या एका अर्ध्याला तडा आहे. दुसऱ्या गाडीचा तेवढाच अर्धा लावू का? आरटीओचे काय?

दोन्ही अर्धे कारखान्यात एकत्र जोडूनच घडवलेले असतात, त्यामुळे वेगवेगळ्या जोड्यांचे अर्धे जुळवल्यास बेअरिंगांची समरेषा राहत नाही. तडा बेअरिंगच्या जागेपासून दूर असेल, तर ॲल्युमिनियमचे चांगले आर्गॉन वेल्डिंग करून कड मशीनवर सपाट करून घेणे हाच योग्य मार्ग आहे. जोडीच बदलावी लागली, तर इंजिन क्रमांक बदलतो, आणि तो बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. शहरातील एमएच-१५ च्या गाड्यांसाठी हे काम नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. जुना क्रमांक नव्या चेंबरवर ठोकून घेणे हा गुन्हा आहे.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. ज्यांना रोज कॉलेज रोडला किंवा मंडईत हीच स्कूटर न्यायची आहे, त्यांनी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नेहमीचे नूतनीकरणच करत राहावे, आणि त्या तपासणीला जाताना चेंबरवरचा इंजिन क्रमांक ग्रीस पुसून वाचता येईल असा करून न्यावा.